आमच्या घराण्याचा नारळ

१८ मे
आजपासून रोजनिशी. घराण्याच्या इतिहासाला पुढे उपयोगी पडेल.
मेहुणा निकेत किहीमहून आला होता. ‘आरमार वंशज मंडळा’चा मेंबर झालाय. त्याचा कोणी पूर्वज म्हणे गलबतावर गोलंदाज. नारळी पौर्णिमेला मेंबर लोक फेटे बांधून मिरवणुकीत पुढे चालतात, अख्खं नागाव बघतं. विनिता भावाकडे कौतुकाने बघत होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, माझ्याकडे असं बघितलेलं आठवत नाही.
ठरलं. यंदा फेटा माझ्याही डोक्यावर.

२४ मे
आमच्या होमस्टेचा बोर्ड नवा रंगवून घेतला. ‘सरदार होमस्टे’. पुरावे मागाहून येतीलच. विनिता म्हणाली, आधी मोरीतला नळ दुरुस्त करा, सरदार. टोमणा होता. पण हाक बरी वाटली.

२ जून
ट्रंकेत मोडी कागद सापडला! सनदच असणार.

५ जून
अलिबागला एकाकडून वाचून घेतला. फणसाच्या झाडावरून भावाभावांचं भांडण. निकाल होता तो कोपरा वाळवीने खाल्लाय. हरकत नाही. लढाऊ बाणा तर दिसतोच.

१९ जून
कचेरीतून जुन्या नोंदी काढल्या. आजोबा: शेती. पणजोबा: शेती. त्यांचे वडील: मिठागर. त्यामागचं काही नाही. साहजिक आहे. सरदार माणसं नोंदी करत बसत नसत.
येताना फेटा घेतला. केशरी.

२७ जून
सुचलं! नारळी पौर्णिमेला सगळं गाव दर्याकडे तोंड करून नारळ वाहतं. फक्त आमचं घर दर्याकडे पाठ करून, खांद्यावरून मागे टाकतं. पिढ्यान् पिढ्या. अर्थ उघड आहे. मागे आरमार, समोर रयत, मधे सरदार. पुरावा क्रमांक एक म्हणून मंडळाच्या अर्जात घातलं. आमची नेत्रा टाइप करत होती. म्हणाली, बाबा, हे कुठे लिहिलंय? म्हटलं, आता लिहिलंय.

११ जुलै
मंडळाचं पत्र आलं. प्रथेबद्दल घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाची साक्ष हवी. म्हणजे मुरुडची येसू आत्या. आवाज खणखणीत आहे, उत्तम.

२० जुलै
एसटीने आत्याला अलिबागला आणलं. रेवदंड्यापर्यंत समजावत होतो, मोजकंच बोल. मान हलवत होती. खड्ड्यांमुळे असावी.
मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, आजी, दर्याकडे पाठ का करता? आत्या म्हणाली, अवो, आमचा मूळपुरुष आरमारातच व्हता. लढाई लागली तसा पाण्यात उडी मारून पोहत घरी आला. जेवायला. तवापासून दर्याला तोंड दाखवायची लाज हाय आमाला. दुसरं काय न्हाय.
मागच्या खुर्चीत निकेत होता. खोकला आल्याचं दाखवून बाहेर गेला.
परतताना आत्याला म्हटलं, मला आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, तू इचारलंस कवा?
तरी आरमारात होता, हे सिद्ध झालंच.

२८ जुलै
अर्ज नामंजूर. कारण: पुरावा क्रमांक एक.
अपील करणार. बोर्ड उतरवायचा प्रश्नच नाही.

२९ जुलै
बोर्ड पाऊस थांबला की उतरवतो.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
मिरवणुकीआधी निकेतचा फेटा भिजला. विनिताने कपाटातून माझा काढून दिला. त्याला छान बसला.
किनाऱ्यावर पाठ करून उभा राहिलो. दरवर्षी आमच्याकडे कोणी लक्ष देत नाही. यंदा दर्याकडे कोणी बघत नव्हतं. लाज वाटली. खरंच वाटली. नारळ टाकला, तो पाण्यापर्यंतही गेला नाही.
घरी येताना विनिता म्हणाली, लढाई सोडून जेवायला घरी आला, त्याच्या बायकोला मात्र बरं वाटलं असेल हो. माझ्याकडे बघत होती. चांगली बघत होती. मी थांबलो.
म्हणाली, थांबलात काय? चला, नळ गळतोय.