परशरामआप्पांवरचा अविश्वास

मंगळवार, ५ नोव्हेंबर
आयुष्य बदललं ते आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, ग्रामपंचायतीच्या काउंटरपाशी. आमच्या गल्लीतल्या नळाला तीन महिने पाणी नाही, त्याची तक्रार द्यायला गेलतो. काउंटरला मनिषा. कॉम्प्युटरवर दाखले काढून देते. निळी ओढणी. अध्यक्ष परशरामआप्पा खुर्चीतनंच सगळ्यांदेखत म्हणाले, "कॉलेजात हजेरी लागत न्हवती, ती आता हितं लावाय आलायस व्हय रं?" सगळे हसले. मनिषाही हसली. पण तिचं हसणं वेगळं होतं. त्यात काळजी होती.
संकल्प : आप्पांना खुर्चीवरनं खाली ओढणार. कायद्याने.

बुधवार, ६ नोव्हेंबर
अभ्यास केला. सदस्य तेरा. नोटिशीवर निम्म्यांच्या सह्या लागतात, मग प्रांतसाहेब बैठक बोलावतात. ठराव पास व्हायला नऊ मतं. बी.कॉम. दुसऱ्या वर्षात सोडलं, तरी एवढं गणित येतं. त्यात एक सदस्य घरातच. आई. महिला राखीव जागेवरनं आली आहे. तिला अजून बोललो नाही. तिचं मत धरूनच चाललोय.

सोमवार, ११ नोव्हेंबर
पंचायतीत रांगेत उभा राहिलो. काम काहीच नव्हतं. नंबर आला की मागच्याला पुढे सोडायचो. असं पाच वेळा. मनिषाने एकदाही वर बघितलं नाही. चारचौघांत सांभाळून वागते. मुलगी शहाणी आहे.

सोमवार, १८ नोव्हेंबर
आजचा दिवस माझा. आमच्या गावात नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवत नाही. लक्ष्मीच्या देवळात भंडारा, म्हणजे देवीची हळद, उचलून शपथ घेतली, की मग माणूस फिरत नाही. नऊ सदस्य जमवले. वाक्य मीच तयार केलेलं, प्रत्येकाकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं : "आप्पांच्या विरोधातल्या नोटिशीवर मी सही करीन." भंडारा कपाळाला लावून तिथंच सह्या. आईसुद्धा. तिने एवढंच विचारलं, "पाण्यासाठीच करतोयस न्हवं?"
हो म्हणालो. तेही एक कारण आहेच.

बुधवार, २० नोव्हेंबर
बेळगाव. आई आणि सदस्य गुंडूअण्णा यांना घेऊन प्रांत कचेरीत नोटीस दिली. बैठक ६ डिसेंबरला. ते दोघं लगेच उचगावच्या बसनं गावी परत गेले. मी खडेबाजारात विजयासाठी शर्ट घेतला. निळा. मग चहा. ही बातमी कुणाला तरी फोन करून सांगावी म्हणून मोबाइल काढला, वरपासून खालपर्यंत नावं बघितली आणि परत खिशात ठेवला. सगळे कामात असणार.

रविवार, १ डिसेंबर
गुंडूअण्णा म्हणतात, सगळ्यांना बैठकीपर्यंत गोव्यात नेऊन ठेवूया, नाहीतर आप्पा फोडतील. मी म्हणालो, भंडारा उचललेली माणसं आहेत, कुठं जातील? ते म्हणाले, "तू लई शिकलास बघ."
कौतुक बरं वाटलं.

शुक्रवार, ६ डिसेंबर, संध्याकाळ
ठरावाच्या बाजूने एक मत. गुंडूअण्णा. विरोधात बारा. त्यात आई.
घरी येऊन भांडलो. आई भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "सही करीन म्हणून भंडारा उचलला, सही केली. मत देईन असं कुठं म्हणवून घेतलंस? आप्पा अध्यक्ष झाले तवाच समद्यांनी उचललाय, मुदत संपस्तोवर साथ सोडणार न्हाय म्हणून. गुंडू तेवढा तवा गोव्यात हुता."
मग आधी का नाही सांगितलंस?
"तू इचारलंस कुठं? आणि नोटीस गेल्यावर आप्पांनी फिटर धाडला की. उद्या पाणी येतंय." तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "लई दिसांनी सकाळचा उठून, भांग पाडून भायेर पडत हुतास. मला मोडवंना रं."
जेवलो नाही. हा निषेध आहे.

शनिवार, ७ डिसेंबर
नळाला पाणी आलं. गल्लीत कुणी माझं नाव घेतलं नाही. आप्पांचं घेतलं.
नवा शर्ट घालून पंचायतीत गेलो. ठरवलेलं, की मनिषाला सगळं सांगायचं : हे कुणासाठी केलं, कुठून सुरू झालं. रांग नव्हती. आप्पा आतनं म्हणाले, "नेत्याला च्या सांगा रे." मनिषा हसली नाही. नळाची तक्रार बंद करायची होती, त्यासाठी तिने कॉम्प्युटरवर फॉर्म उघडला. म्हणाली, "तक्रारदाराचं नाव?"
मला वाटलं, चेष्टा करते. मी नुसता हसलो.
बोटं कीबोर्डवर ठेवून ती थांबली. "नाव सांगा की तुमचं."
नागेंद्र, म्हणालो.
"आडनाव?"
तेही सांगितलं. तिने दोन्ही टाइप केलं, कागद काढला, कुठं सही करायची तिथं पेनाने फुली मारून दिली. "मालुबाई तुमच्या कोण?"
"आई."
"भली बाई हाय," म्हणाली आणि दुसरी फाइल ओढली.
सही केली. चहा आलेला, तो तसाच ठेवला. बाहेर आलो आणि पंचायतीचं दार मागे ओढून घेतलं.