तुळजापूरची वाट आणि तुझे गुडघे

शहागड,
पितृपंधरवडा, १९९८

प्रिय चतुरा,

तुझं पत्र पोचलं. हे उत्तर मी माझ्या हातानं लिहून राह्यले. साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं अक्षर, वाकडं असंल. पण नातवाला लिहायला बसवलं असतं तर त्यानं मधलं तिखट सगळं काढून टाकलं असतं.

कोजागिरीला तुळजापूरला पायी जायचं म्हणतीस, अन् कोणती वाट झेपंल म्हणून मला विचारतीस. बीडवरून जाणारी डांबरी सडक सोपी. चहाची टपरी लागते, पाय गेलेच तर एखादा ट्रकवाला घेतो. पण डांबर तापलं की तळवे भाजतात. दुसरी वाट शेताशेतातली. थंड, जवळची, पण काळी माती ओली असली तर पायापायाला ढेकूळ घेऊन चालावं लागतं. तुझ्यासारख्या जड बाईनं तिचं नाव काढू नये. अन् कोणतीबी धर, मांजरसुंब्याचा घाट काही चुकत न्हाई.

आधी एक कर. डोक्यावर पाटी घेऊन कुंभार पिंपळगावातून तीर्थपुरीच्या बाजाराला पायी जा, अन् मधी कुठं न बसता परत ये. दुसऱ्या सकाळी चुलीपाशी बसता आलं तर तुळजापूर. न्हाई आलं तर अंबडची मत्स्योदरी, तीबी आईच. तेबी जमंना तर गावातल्या देवळाला फेऱ्या मार. कुणी हसणार न्हाई, मी सोडून.

मलाबी माझी ताकद कळली नव्हती. पिंपळगावात नांदत होते तवा माझा ल्योक रामकिसन तापातून उठला म्हणून नवस फेडायला तुझ्यासंगं निघाल्ते, अन् तेबी नव्या कोऱ्या चपला घालून. घाटाच्या पायथ्याशी टाचा सोलल्या, पाय सुजला. चालणारी थकली तर तिची ओटी दुसरीनं न्यायची, तिच्या नावानं भरायची, ही आपली रीत. खण-नारळ तुझ्या हातात दिला अन् बसनं माघारी आले. तू गावात येऊन सांगितलंस, गोजर विटाळ लपवून आल्ती, देवीनं वाटंतूनच परत लावली. सासूनं मरेस्तोर मला देवापुढं दिवा लावू दिला न्हाई. अन् संक्रांतीला तू त्याच हिरव्या खणाची चोळी घालून माझ्याच दारात वाण घेऊन आलीस! तीर्थपुरीच्या बाजारातून मीच निवडलेला खण, मी ओळखणार न्हाई? सासू उंबऱ्यात उभी होती, माझ्या शब्दाला घरात किंमत नव्हती. वाण पदरात घेतलं. तुला वाटलं, विसरली.

आता खरं बोलू. वाट विचारणं हा तुझा बहाणा. नातू झाला, नवस अडकलाय, गुडघे गेलेत, अन् यंदा आपल्या भागातल्या बाया माझ्यामागं चालणार. माझी ओटी नेशील का, हे तू पार शेवटी बारीक अक्षरात लिहिलंस. नेईन, बिलकुल नेईन. पण निघायच्या सकाळी शहागडला यायचं. पिंपळगावच्याबी बाया असतील. सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं, माझी ओटी कुठं गेली अन् विटाळाची गोष्ट कुणी रचली. मंग तुझा नारळ मी पदरात घेईन, तुझ्याच नावानं देवीला देईन. न बोललीस तर त्याला एकबी बाई हात लावणार न्हाई, तशी ताकीद मी देऊन ठेवलीय. मंग सडक तुझी, घाट तुझा, गुडघेबी तुझेच.

जल्दी कळव.

वेशीत उभी राहून तुला बघायला आतुर,
तुझीच
गोजर