रुपचंदचा घड

६ जानेवारी
सावद्यात पोहोचले. पिंप्राळ्याहून निघताना अम्मीनं इतकं बांधून दिलं की बसमधली बाई विचारत होती, सासरी निघालीस का. नोकरीवर, म्हटलं, फिजिओथेरपिस्ट मेहरुन. खोली झकास आहे. घरमालकीण कमलबाईंनी आल्या आल्या केळ्याचे वेफर्स पुढं केले. दवाखाना केळीच्या वखारींजवळ, त्यामुळे कंबरदुखीला तोटा नाही. धाकट्या खुशनुमाला फोन करून भरपूर जळवलं. तीही हाच कोर्स करतेय. अर्धी विद्या तिनं माझ्याच पाठीवर गिरवलीय.

९ जानेवारी
आज लोटनभाऊ आले, धुळ्याकडचे. बागेतून ट्रकपर्यंत केळीचे घड वाहतात. घड जमिनीवर टेकवत नाहीत म्हणे, केळीला डाग पडतो. माणूस दमला तरी उभाच राहतो. दुसरा 'दे' म्हणतो, तेव्हा घड त्याच्या पाठीवर जातो. लोटनभाऊंच्या मणक्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू नुसतं लाकूड. कुठल्याच डॉक्टरला दाद दिली नाही. मी काय सोडते. शेक दिला, करंट लावला, मग हातानं दाबत नेहमीचं म्हटलं: सगळा भार द्या माझ्याकडे, मी धरलंय. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, खरंच देऊ का. मी हसून द्या म्हटलं.

स्नायू एकदम मऊ पडला. असं होत नाही, आठवडे लागतात. "ताई, बठ्ठं वझं उतरी गयं," म्हणाले, सगळं ओझं उतरलं म्हणे, आणि रडत निघून गेले. चपला तशाच राहिल्या.

१० जानेवारी
माझ्याच कमरेत उसण भरलीय. कालची गंमत कमलबाईंना सांगितली, तर त्या उठून दाराशी जाऊन बसल्या. तिथूनच म्हणाल्या, लोटनच्याच गावचा रुपचंद, पाठीवर घड असताना बागेत उभ्या उभ्या गेला. घड पडू नये म्हणून लोटननं दे म्हटलं आणि घेतला. ट्रक भरून गेला, पण पाठीवरचं वजन उतरलंच नाही. ते दुसऱ्यालाच देता येतं, आणि लोटनसमोर इथं कुणी दे म्हणत नाही. मी म्हटलं, स्नायूंना भुतं लागत नाहीत.

१४ जानेवारी
पट्टा, शेक, गोळ्या, व्यायाम. काही उपयोग नाही. तेच लाकूड. कुर्त्याच्या पाठीवर केळीच्या चिकाचे काळे डाग, धुऊन जात नाहीत. बागेत तर मी पाऊलही टाकलेलं नाही. लोटनभाऊ गावी गेलेत, फोन बंद. मला भीती वाटतेय.

१७ जानेवारी
आडवं पडलं की कानाशी श्वास. दमलेला. विचारतो, गाडी भरनी का, ट्रक भरला का म्हणे —
आज दवाखान्यात सुनंदाबाई, कंबरदुखीच्या पेशंट, टेबलावर पालथ्या होत्या. भरवशानं. त्यांच्याकडून फक्त दे म्हणवून घ्यायचं होतं. ओठांवर आलं — तशीच घरी पळाले.

१९ जानेवारी
खुशनुमा येतेय. नको म्हटलं, ऐकत नाही. खरं सांगितलं तर हट्टानं घेईल. अशीच आहे ती. नाही. तिला नाही —

२० जानेवारी
पालथी पडूनच लिहितेय. उठवत नाही. छाती दबलीय, आवाज फुटत नाही.
ती आलीय. हात चोळून गरम करतेय, मी शिकवलं तसं. पुढचं वाक्यही मीच शिकवलंय —
खुशी, आधी हे वाच. काही बोलू नकोस —
हात कमरेवर. किती ऊबदार —
वही तिच्याकडे सरकवायला हवी. हात हलतोय. सरकवता येईल — मी सरकवत नाहीये —
या अल्ला, मला ते ऐकायचंय —
म्हणतेय, आपा, ढिलं सोड, सगळा भार दे माझ्या