तिच्यासाठी कोण उभं राहणार?

बॉन,
गुरुवार, १५ नोव्हेंबर २००७

प्रिय श्रीरंग,

जानेवारीतल्या तुझ्या ई-मेलला आत्ता, नोव्हेंबरात उत्तर देते आहे आणि तेही कागदावर. एवढा काळ गप्प राहिले याबद्दल माफ कर. ‘माझी मुलगी दिया आता तुमच्या विद्यापीठात आहे. गुणवंत मंडळात तिचं नाव लागलं तर बरं होईल. आपल्या जुन्या ओळखीला जागून बघ जरा,’ असं तू लिहिलं होतंस. उत्तर लिहायला बसायचे, पण जे कागदावर उतरायचं ते पाठवण्यासारखं नसायचं. आजचंही नसेल कदाचित. पण आज पाठवणार आहे.

मंडळाची इथली शाखा मीच सांभाळते. दर हिवाळी सत्रात नवे सभासद मिळवायचे म्हणजे मेन्साच्या, म्हणजे खाणावळीच्या, दारात टेबल मांडून, केक ठेवून उभं राहायचं. मुलं केक खातात आणि निघून जातात. यंदा एकाने मला विचारलं, “बरं पण, चांगले मार्क पडले तेवढं पुरे नाही का? चांगले मार्क पडलेल्यांची टोळी कशाला करायची?” मला हसू आलं, कारण त्याचं म्हणणं तसं खरंच होतं. मग मी त्याला आमचा रिवाज सांगितला. इथे नुसत्या मार्कांवर कोणी आत येत नाही. एका जुन्या सभासदाने सगळ्यांसमोर उभं राहून ‘मी हिच्यासाठी उभी आहे’ असं म्हणावं लागतं आणि उमेदवाराला आपण कसे ओळखतो तेही सांगावं लागतं. इथले लोक त्याला ब्यूर्गे म्हणतात, म्हणजे जामीन. हा रिवाज मी पुण्याहून आणला. कसे ओळखतो ते सांगण्याची अट मात्र माझी.

पुण्यातला तो दिवस तुला आठवतो का, हे मला खरोखरच माहीत नव्हतं. तिसऱ्या वर्षाला मी पहिली आले होते. कॉलेजच्या गुणवंत मंडळात आपल्या वर्गाचा तू एकटाच सभासद. आईची नारायणपेठ नेसून मी भिंतीशी उभी होते. मंडळाच्या सरांनी माझं नाव घेतलं आणि विचारलं, “हिच्यासाठी कोण उभं राहणार?” तू बाकावर कोरलेलं कुणाचं तरी नाव नखाने खरवडत बसलास. सर पुढच्या नावाकडे वळले. बाहेर आल्यावर तू म्हणालास, “अगं, आपलं सगळ्यांना माहितीये. मी उठलो असतो तर लोक काय म्हणाले असते? आणि नाहीतरी लग्न माझ्याशीच करायचंय ना तुला? मग कशाला हवंय ते मंडळ?” जर्मनीच्या शिष्यवृत्तीसाठी मंडळ आपल्याच सभासदांतून एक नाव पाठवायचं. त्या वर्षी तुझं गेलं. तू इथे पोचलास आणि आपल्या लग्नाचंही राहूनच गेलं. माझा मी रस्ता काढून इथवर यायला पुढे बरीच वर्षं लागली.

ऑक्टोबरात दिया टेबलापाशी आली. ती मराठी ऐकते आणि जर्मनमध्ये उत्तर देते. नाक तुझं आहे, नजर नाही; ती समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलते. मंडळात का यायचंय, असं मी विचारलं. म्हणाली, “बाबामुळे. कॉलेजात एका हुशार मुलीला मुलगी म्हणून डावलत होते. कोणी उठेना. माझा बाबा एकटा उठला आणि म्हणाला, मी हिच्यासाठी उभा आहे. लहानपणी मी ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे.” मी विचारलं, त्या मुलीचं नाव काय? ती मलाच म्हणाली, “बाबाला आता आठवत नाही, फ्राऊ गाडगीळ.”

मी तिला केकचा तुकडा दिला.

तिचे गुण मी दिले नाहीत. माझ्यावर माझाच भरवसा नव्हता, म्हणून मुलाखत दुसऱ्या विभागातल्या बाईंकडे सोपवली. दिया पहिली आली. ती येणारच होती. रोज रात्री डायरीत स्वतःला विचारते की या मुलीचा काय दोष, आणि मी जे करणार आहे तो न्याय आहे की सूड. न्याय म्हणून लिहून पाहिलं, पण ते खोटं वाटलं. सूड लिहिलं, तेव्हा झोप लागली.

आता पत्राचं कारण. परवा, शनिवारी, प्रवेशाचा समारंभ आहे. ड्युसेलडॉर्फहून तू आणि तुझी बायको येणार असल्याचं दियाने आनंदाने सांगितलं. तिची ब्यूर्गे मी आहे. मी उठेन आणि म्हणेन, मी हिच्यासाठी उभी आहे. मग रिवाजाप्रमाणे हिला कशी ओळखते तेही सांगेन: हिच्या वडिलांच्या गोष्टीतली ती मुलगी मीच. त्या दिवशी जे घडलं तेवढंच सांगेन, एक शब्द वाढवणार नाही. हे पत्र उद्या तुझ्या हातात पडेल. म्हणजे तुझ्याकडे एक संध्याकाळ आहे. दियाला फोन करून तू स्वतः सांगितलंस, तर मी शनिवारी फक्त तिच्या हुशारीबद्दल बोलेन. तू सांगितलंस की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळेल. दोन्हीपैकी तुला सोपं काय जाईल ते मला ठाऊक नाही. खरं सांगायचं तर दोन्ही जड जावोत, अशीच माझी इच्छा आहे.

जिच्यासाठी तू उभा राहिला होतास म्हणे,
ती तुझीच,
विभावरी

(त्याच रात्री, विभावरीच्या डायरीत)
उद्या: सभागृहात पहिल्या रांगेतली मधली खुर्ची श्रीरंगच्या नावाने राखून ठेवायला सांगणे.