सारिकाचं ‘हूं’

धुळे, ६ जानेवारी २०२५

चि. प्रमिलास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हल्ली मध्येच गप्प होतेस, म्हणून सविस्तर लिहितो. तुझ्या सारिकाचं जमलं! मुलगा योगराज, वरणगावच्या फॅक्टरीत कायम, म्हणजे तुझ्या बोदवडपासून हाकेच्या अंतरावर. परवा घरी येऊन गेला. तासभर असा बोलला की मलाही तोंड उघडायला फट मिळेना. तो गेल्यावर मी सारिकाला समोर बसवून घर, नोकरी, माणसं, सगळं समजावलं. पोरगी प्रत्येक वाक्याला हूं म्हणाली, एकदाही आडवं बोलली नाही. भाऊजींच्या माघारी मामाकडे राहून त्याचा शब्द असा पाळणारी भाची मिळायला भाग्य लागतं.

२ फेब्रुवारीला, रविवारी, पाहुणे कुंकू लावून सोयरीक पक्की करायला येतील. तू दोन दिवस आधी ये. येताना भरताची वांगी आण. इथल्या वांग्यांना चव नाही, असं तुझ्या वहिनीचं म्हणणं असावं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
नाना

बोदवड, १२ जानेवारी

ति. नानांस,
प्रमिलाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. फोनवर मी गप्प होत नाही, मला जागाच मिळत नाही. कागदावर तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, एवढं बरं आहे.

आपले आबा गोष्ट सांगायचे तेव्हा कुणीतरी हुंकारा द्यावा लागे. हुंकारा थांबला की गोष्टही थांबे. सारिकाला मी तेच शिकवलं, की वडीलधारं माणूस बोलत असलं की हूं म्हणत राहावं, म्हणजे आपण ऐकतोय हे त्याला कळतं. होकार द्यायचा तर आपल्याकडे हाव म्हणतात. ती हाव म्हणाली का, तेवढं कळवा.

काल तिचा फोन आला होता. तिने एवढंच विचारलं, की मामांना नाही कसं म्हणायचं. मी आई आहे, माझं काळीज हललं. पण तिच्या मनातलं मी तुम्हाला लिहिणार नाही, ते तुम्ही तिच्याकडूनच ऐका. ती बोलेल तोवर तुम्ही फक्त हूं म्हणायचं. जीभ आवरेना तर तोंडात सुपारी धरा.

वहिनींना नमस्कार. राग मानू नये, लोभ उणा होऊ नये.

आपली,
प्रमिला

धुळे, १९ जानेवारी

चि. प्रमिलास अ. आ.

सुपारी धरली, पण व्यर्थ! सारिकाच्या पहिल्याच वाक्याला मी सल्ला द्यायला गेलो आणि ठसका लागला. तिने पाणी आणून दिलं आणि गप्प बसली. मग मीही गप्प बसलो. फार जड गेलं गं.

हळूहळू ती बोलू लागली. नोकरी वाईट नाही, घर वाईट नाही, लग्नालाही तिची ना नाही. पण योगराजने नाव सोडलं तर तिला काही म्हणजे काही विचारलं नाही. ती हूं म्हणत गेली आणि तो होकार धरत गेला. मी हूं म्हटलं. तेव्हा मान खाली घालून ती म्हणाली की मामा, रागावू नका, पण मले तुमच्यासारखा नवरा नको.

लागलं, प्रमिला. खोटं कशाला सांगू? उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. तरी पुन्हा हूंच म्हटलं.

वरणगावला नकार कळवला. मुलाचे वडील पुष्कळ बोलले, ते ऐकून घेतलं.

तुझी वहिनी दारात उभी राहून बठ्ठं, अगदी पहिल्या शब्दापासून, ऐकत होती. आत्ता ती समोर येऊन बसली आहे. म्हणते, पत्र संपवा आणि मग माझंही ऐका. तिचे डोळे भरलेत. ती काय सांगणार आहे याचा मला, एवढा संसार होऊनही, काही अंदाज नाही. म्हणून इथेच थांबतो.

आहे तो लोभ राहू दे.

तुझा,
नाना