बाबांना झेपेल अशी बॅटरी

मंगळवार, संध्याकाळ

बाबांच्या होडीसाठी विजेची मोटर बघायला आज दोघं गेलो. माहीमच्या किनाऱ्यावर चार्जिंगची सोय नाही. म्हणजे बॅटरी दर वेळी घरी आणायची, आणि आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. तीन जिने. मी हलक्या बॅटरीची मोटर निवडली. ताकद कमी, पण बाबांना एकट्याला झेपेल. त्यांना मात्र जडच हवी. "ओहोटीच्या ओढीत हलकी काय कामाची? दोघं मिळून चढवू की."

दोघं. अजून किती लांबवणार होतो? माझी बंगळुरूला बदली झाल्याचं तिथेच, दुकानात सांगून टाकलं.

बाबा दुकानदाराला म्हणाले, "हलकीच द्या."

टॅक्सीपर्यंत बॅटरी त्यांनीच नेली. मग तीन जिनेही. मला हात लावू दिला नाही.