हातभर सळी

चि. गुड्डी हिला सानगडीहून बाबांचे पोटभर आशीर्वाद. इकडे मी, तुझी आई आणि म्हैस ठणठणीत. नागपूरच्या धुळीत तुझा घसा कसा आहे ते कळव, आता सगळी भिस्त त्याच्यावरच.

तू रेडिओवर बोलायला लागलीस आणि आम्हाला चैन पडेना. फोनवर तू "बाबा, नंतर बोलते" एवढंच बोलतेस, आणि रेडिओवर म्हणे अख्ख्या दुनियेशी तासभर! (मोबाईलवरही ऐकू येतं म्हणतात, पण इथे नेट लागतं तलावाच्या पाळीवर, आणि तुझी आई काही पाळीवर जाऊन बसत नाही.) म्हणून जुना रेडिओ काढला. नुसती खरखर. म्हटलं, जाळं मोठं तर मासा मोठा. धानावरची पाखरं हाकलायला डबे बांधलेली तार आहे ना, तीच शेतातल्या बांधीतून घरापर्यंत ओढून रेडिओला जोडली. भजनं आली, कुठल्या कुठल्या भाषा आल्या, शेजारच्या टेकचंदच्या मोटारीची घरघर आली, तारेवर पोपट बसले की डब्यांचा खडखडाटही आला. तू तेवढी आली नाहीस. मी तार तलावापर्यंत वाढवली, तर घरघर वाढली.

शेवटी साकोलीहून रेडिओ दुरुस्त करणारा अमर आला. तार पाहून म्हणाला, "काका, लंबी तार सारा कचरा ओढून आणते. पोरीचं स्टेशन एफेमवर आहे, त्याच्या लहरी आखूड. त्याले हातभर सळी बस आहे, पण उंच पायजे." एवढा खटाटोप केला आणि निघाली हातभर सळी! ती बांबूला आडवी बांधून बांबू छपराच्या कवेलूंवर उभा केला, सळीची बाजू नागपूरकडे.

आणि गुड्डी, तू आलीस. खणखणीत! आई तांदूळ निवडत होती, तिनं लगेच विचारलं, "जेवली का वं?" तू कुठल्याशा चौकातली गर्दी सांगितलीस. तिनं पुन्हा विचारलं. मग सूप बाजूला ठेवून रडली. तुझी फार आठवण येते, हे खरं. पण आता रोज ऐकू येतेस, तेव्हा काम सोडून यायची काही गरज नाही.

तुझा,
बाबा

ता.क. तार वाया गेली नाही. आई तिच्यावर लुगडी वाळवते.

आणखी ता.क. वर 'खणखणीत' आणि पुढचं सगळं लिहिलं ते आईचं ऐकून. बांबू सोडला की सळी फिरते आणि तू जातेस, म्हणून तुझ्या वेळेला मी कवेलूंवर बांबू धरून असतो. खालून नुसती गुणगुण येते, शब्द लागत नाहीत. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा आहे, दोन दिवस ये. मलेही आयकाचं आहे.